नऊ सह्या, चुना आणि पाणी: फोंतेन्हासमधल्या घराची दुरुस्ती

मामा गेल्यानंतर, २०१९ मध्ये, मी मामींच्या सोबतीला पणजीच्या फोंतेन्हासमधल्या माझ्या आजोळच्या घरी राहायला आले. त्याच पावसाळ्यात माजघरात एकाच वेळी सहा ठिकाणी भांडी मांडावी लागली आणि देवघराच्या मागच्या भिंतीवरची ओल माझ्या खांद्यापर्यंत चढलेली दिसली. येत्या उन्हाळ्यात दुरुस्ती उरकून घेऊ, असे आम्ही तेव्हा ठरवले होते. ती पुरी झाली २०२३ च्या मे महिन्यात. मधले एक वर्ष टाळेबंदीत गेले हे खरे. पण उरलेला काळ कशाकशात गेला ते सविस्तर लिहावे असे वाटते, कारण अशा जुन्या वस्तीत घर असलेले अनेक जण आज याच वाटेवर कुठेतरी अडलेले आहेत.

फोंतेन्हास या पोर्तुगीज नावाचा अर्थच मुळी छोटे झरे. पश्चिमेला आल्तिनोची टेकडी, पूर्वेला ओरेंची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत ही वस्ती. टेकडीच्या पायथ्याशी, मळा नावाच्या भागातला फोंत फेनिक्स झरा अजून आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा भाग म्हणजे माडांची बागायत होती, आणि आफ्रिकेत पैसा कमावून परतलेल्या, म्हणून ‘मोस्मीकार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका गोमंतकीयाने ती उभी केली होती. जुन्या गोव्यातल्या रोगराईला कंटाळून व्हाइसरॉयने १७५९ मध्ये आपला मुक्काम पणजीला हलवला, १८४३ मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली आणि सरकारी नोकर, लेखनिक, व्यापारी यांच्या घरांनी ही पट्टी भरत गेली. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, चुन्याचा गिलावा, मंगळुरी कौलांची उतरती छपरे आणि एकमेकींना खेटून गेलेल्या बाजूच्या भिंती. इथे एकाच्या पन्हळीचे पाणी दुसऱ्याच्या भिंतीत जाते, त्यामुळे दुरुस्ती ही कुणाची एकट्याची बाब राहत नाही.

मी लहान असताना या वस्तीकडे कुणी वळून पाहत नसे. सुस्थितीतली माणसे मिरामार, दोनापावल्याकडे बंगले बांधून निघून गेली होती आणि कुलूपबंद घरांच्या कौलांतून पिंपळ उगवत होते. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोवा हेरिटेज ॲक्शन ग्रुपने इथे कलामहोत्सव भरवला आणि रहिवाशांच्या दिवाणखान्यांत चित्रे मांडली, तेव्हा आमच्याच शेजाऱ्यांनी ही घरे प्रथमच नीट पाहिली असे मामा सांगत. त्यानंतर रंग लागले, पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या, कॅफे आले. २०११ च्या जनगणनेत जेमतेम ४० हजार वस्ती असलेल्या पणजी शहरात आज सर्वांत जास्त छायाचित्रे बहुधा आमच्या गल्ल्यांची निघत असावीत. हे पुनरुज्जीवन मला मनापासून मोलाचे वाटते. ते झाले नसते तर यांतली निम्मी घरे पाडून वर सदनिका उभ्या राहिल्या असत्या. मात्र रस्त्यावरून दिसणारा दर्शनी भाग टिकणे आणि घर टिकणे यांत किती अंतर आहे, हे मला दुरुस्तीला हात घातल्यावर कळले.

पहिला अडथळा मालकीचा होता. गोव्यातला वारसाहक्क मुळात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यातून आला आहे, आणि २०१६ पासून त्या भागाची जागा घेतलेल्या गोव्याच्या वारसा कायद्यातही तेच तत्त्व कायम आहे. त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा असतो आणि पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते. याच न्यायाने माझ्या आईचा वाटा माझ्याकडे आला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण त्याचाच दुसरा परिणाम असा की मामी, दोन मामेभाऊ आणि वहिन्या, मी आणि माझे यजमान, मावसबहीण आणि तिचे यजमान अशी नऊ माणसे आमच्या घराची सहमालक निघाली. दुरुस्तीच्या अर्जाला या नऊही जणांची संमती जोडा, असे आम्हाला सांगण्यात आले. धाकटा मामेभाऊ लंडनला असतो. त्याने आणि वहिनींनी तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयात जाऊन मुखत्यारपत्र करून पाठवले. परदेशात केलेल्या अशा कागदावर तो भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरावे लागते, ही गोष्ट आम्हाला चौथ्या महिन्यात समजली. सगळे पुन्हा करावे लागले. परदेशातून कागद मागवणाऱ्याने पाकीट हाती येताच त्यावर तारीख घालून ठेवावी आणि त्याच आठवड्यात वकिलाकडे जावे.

मावसबहिणीची सही मिळायला त्याहून अधिक वेळ लागला, कारण दुरुस्तीला संमती दिली म्हणजे वाटणीचा हक्क सोडला असा तिचा समज झाला होता. फोनवर तो दूर होईना. शेवटी मामी स्वतः बेळगावला गेल्या, तिच्या घरी दोन दिवस राहिल्या आणि संमतीपत्रात ‘या संमतीमुळे कोणाच्याही हिश्श्यास बाधा येत नाही’ असे वाक्य वकिलांकडून घालून घेतले. हे वाक्य पहिल्याच मसुद्यात असते तर सात महिने वाचले असते. तिचा संशय मला तेव्हा दुखावून गेला होता. आता वाटते, तिच्या जागी मीही तेच विचारले असते.

कागदपत्रांत फॉर्म डी, म्हणजे चलता नंबर आणि पी. टी. शीट नंबर हे शहर सर्वेक्षणातले क्रमांक असलेला मालकीचा उतारा, सर्वेक्षणाचा नकाशा, घरपट्टीची पावती, वास्तुविशारदाची मोजमापे आणि सर्व बाजूंनी काढलेली छायाचित्रे लागली. आमची वस्ती संवर्धन क्षेत्रात येत असल्याने प्रस्ताव संवर्धन समितीपुढेही जायचा होता. समितीची अट मला रास्त वाटली: छपराचा उतार, खिडक्यांची मापे आणि दर्शनी भाग जसाच्या तसा ठेवायचा, वरचा मजला वाढवायचा नाही. त्रास झाला तो दुसऱ्याच एका टेबलावर, जिथे आमची फाइल अकरा आठवडे पडून होती आणि फॉर्म डीवर आजोबांच्या नावातले एक अक्षर चुकले आहे एवढेच तिच्याबद्दल आम्हाला शेवटी सांगण्यात आले. ते पहिल्याच दिवशी कुणी सांगितले असते तर नाव दुरुस्त करून घेणे अवघड नव्हते. परवानगी हाती आली २०२२ च्या नोव्हेंबरात, म्हणजे पुढच्या पावसाच्या आधी काम करायला आमच्याकडे सहा महिने होते.

सिमेंट वापरायचे नाही, हे मात्र कोणत्याही कार्यालयाने सांगितले नाही. ते काणकोणहून आलेल्या वयस्क गवंड्याने सांगितले. देवघरामागच्या भिंतीला मामांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी, ओल थांबावी म्हणून, चांगला जाड सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. गवंड्याने छिन्नीने त्याचा परातीएवढा तुकडा उडवला आणि मला आत हात लावायला सांगितले. बाहेरून सिमेंट कोरडे ठणठणीत होते. आतला चिरा ओल्या भाकरीच्या पिठासारखा बोटांना लागला आणि त्याचा लालसर चिखल नखांत अडकला. जांभा सच्छिद्र असतो आणि जमिनीतले पाणी वर ओढतो. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी वाफ होऊन बाहेर जाते. सिमेंटने ती वाट बंद केली की पाणी आणखी वर चढते आणि त्यातले क्षार दगड आतून फोडत राहतात. ज्या वस्तीचे नावच झऱ्यांवरून पडले आणि जिच्या पाठीला टेकडी आहे, तिथे पाणी अडवण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा त्याला बाहेर पडू देणे शहाणपणाचे, हे त्याने मला अगदी शांतपणे समजावले. मामींना ते ऐकून रडू आले. मामांनी त्या भिंतीवर उसने पैसे घेऊन खर्च केला होता.

मग परसात टाकी करून चुना भिजत घातला. कळीचा चुना पाण्यात पडताच उकळ्या फुटतात, म्हणून पोरांना दूर ठेवावे लागे. त्यानंतर तो पाण्याखाली ठेवून मुरवायचा, जितका जास्त तितका चांगला. आम्ही तो जेमतेम दोन महिने मुरवू शकलो. गिलावा पातळ थरांत द्यायचा, प्रत्येक थर वाळेपर्यंत ओली गोणपाटे लावून सावकाश सुकू द्यायचा, आणि हे सारे मे महिन्याच्या उन्हात. आम्हाला आलेल्या अंदाजपत्रकांत हे काम सिमेंटच्या जवळजवळ दीडपट महाग होते. तो पैसा योग्य ठिकाणी गेला याविषयी माझ्या मनात शंका नाही.

छपराचे काम त्या मानाने सरळ झाले. कौले उतरवून, घासून, फुटकी वेगळी काढून घर नव्याने शाकारले. वाळवी लागलेले वासे बदलून माटी नावाच्या लाकडाचे बसवले आणि रिपा सगळ्या नव्या टाकल्या. जुन्या कौलांतली दोनतृतीयांश पुन्हा वापरता आली. एका खिडकीचे मात्र बोलायला हवे. काचेऐवजी शिंपल्यांचे पापुद्रे लावलेली ती एकच खिडकी आमच्याकडे उरली होती. पट्ट्यांच्या खाचांत सरकवलेले ते तळहाताएवढे चौकोन ऊन आत घेतात, पण झळ घेत नाहीत. दुपारी त्या खोलीत दुधट उजेड पसरतो. त्यातले अकरा चौकोन फुटलेले होते. हा शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येत असल्याने नवा काढता येत नाही. गल्लीतल्या शेजारच्या आंटींनी आपल्या माळ्यावरची मोडकी तावदाने आम्हाला दिली आणि त्यांतून नऊ चौकोन साबूत निघाले. उरलेल्या दोन जागी मेस्ताने, म्हणजे सुताराने, घासलेली काच बसवली आहे आणि ती ओळखू येते.

काम चालू असताना छायाचित्रे काढणारी मंडळी रोज येत. परांची असलेल्या घरासमोरही लग्नाआधीची छायाचित्रे काढायला जोडपी उभी राहत, आणि एकदा तर एक जण विचारणा न करता सरळ माजघरापर्यंत आला, जिथे मामी जेवत होत्या. मामींनी त्याला हाताने थांबवले आणि म्हटले, “बाबा, हे आमचे घर.” त्यानंतर दारावर तशी पाटी लावावी, असे मी सुचवले; त्यांनी नको म्हटले. दाराशी आलेल्याला आपण बोलून सांगावे, असे त्यांचे मत आहे, आणि त्या अजून तेच करतात.

त्या वर्षी पाऊस सुरू झाला तेव्हा आम्ही दोघी बॅटरी घेऊन रात्रभर खोल्या-खोल्यांतून फिरलो. छप्पर कुठेही गळले नाही. देवघरामागच्या भिंतीवरची ओल गुडघ्याच्या खालीच राहिली, आणि गणपतीपर्यंत तिथला हात लावल्यावर लागणारा गारवा तेवढा उरला. टेकडीच्या बाजूची न्हाणीघराची भिंत अजून सिमेंटखालीच आहे. पैसे पुरले नाहीत म्हणून ती राहिली. यंदाच्या दिवाळीनंतर तिला हात घालायचा आहे, आणि त्यासाठीचा चुना या खेपेला वर्षभर आधीच परसातल्या टाकीत मुरत घातला आहे.