डिजिटल नीतिशास्त्रावरच्या संशोधनासाठी सीड फंडिंग: माझा अनुभव

सीड फंडिंगचा, म्हणजे संशोधन सुरू करायला मिळणाऱ्या छोट्या निधीचा, अर्ज वाचताना समिती मुख्यतः दोनच गोष्टी पाहते. वर्षभरात आणि थोडक्या पैशांत या प्रश्नाला हात घालता येतो का, आणि त्यातून पुढच्या मोठ्या अर्जाला आधार मिळेल असं काही हाती लागेल का. 'एआय आणि नैतिकता' असा विषय घेतला की दोन्हीची उत्तरं देता येत नाहीत. माझा पहिला मसुदा तसाच होता. शेवटी मंजूर झालेला प्रश्न एवढाच होता: ॲप परवानगी मागतं त्या खिडकीत 'आत्ता नको' हे बटण फिकट रंगात असेल, तर माणसं खरोखर संमती देतात की नुसती खिडकी घालवतात?

विषय दोन शाखांमधला असल्यामुळे परीक्षकही दोन तऱ्हेचे मिळतात. संगणकवाला विचारतो, 'मोजणार काय?' तत्त्वज्ञानवाला विचारतो, 'संमती म्हणजे काय ते आधी ठरवलंय का?' दोघांसाठी एकेक परिच्छेद स्वतंत्र लिहावा. दुसऱ्यासाठी मी माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं मांडणाऱ्या १९७९ च्या अमेरिकी बेलमाँट अहवालापासून सुरुवात केली आणि डिजिटल संशोधनासाठी २०१२ मध्ये आलेल्या मेन्लो अहवालापर्यंत आले. बेलमाँटमधल्या तीन तत्त्वांना मेन्लोने कायद्याचा आणि लोकहिताचा आदर हे चौथं जोडलं. मात्र तत्त्वांची नुसती नावं लिहून भागत नाही. कुठलं तत्त्व आपल्या पद्धतीतला कुठला निर्णय बदलतं, ते दाखवावं लागतं.

खरा वेळ जातो एथिक्स कमिटीत, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीत. निधीचं वर्ष निधी मंजूर झाल्याच्या पत्रापासून मोजलं जातं, आणि कमिटीच्या दोन फेऱ्यांत तीन-चार महिने सहज जातात. तोपर्यंत एकही मुलाखत घेता येत नाही. म्हणून निधीचा आणि एथिक्सचा असे दोन्ही अर्ज एकाच वेळी टाकावेत, आणि 'प्रकल्पाचा कालावधी एथिक्स मंजुरीच्या तारखेपासून धरावा' ही विनंती प्रस्तावातच करावी. नंतर मागितली तर ती मुदतवाढ ठरते.

आमचा अडथळा होता स्क्रीन रेकॉर्डिंगचा. सहभागी स्वतःच्या फोनवर ॲप उघडणार आणि आम्ही पडदा टिपणार, असा बेत होता. कमिटीने एकच प्रश्न विचारला: रेकॉर्डिंग चालू असताना वरून कुणाचा मेसेज डोकावला तर? मेसेज पाठवणाऱ्याने तर कशालाच संमती दिलेली नाही. मग आम्ही चाचणीचा फोन घेतला आणि त्यात बनावट खातं घातलं. पण परक्या फोनवर माणूस जास्त बेफिकीरपणे 'होय' दाबतो, कारण त्याचं स्वतःचं काहीच पणाला लागलेलं नसतं. ही मर्यादा आम्ही प्रस्तावात स्पष्ट लिहिली. रेकॉर्डिंगनंतर लगेच मुलाखत ठेवली आणि 'तुमच्या फोनवर काय केलं असतं?' हा प्रश्न त्यात घातला.

'डेटा आधीच उपलब्ध आहे, त्यामुळे मंजुरी लागत नाही' हा युक्तिवाद करू नये. फेसबुकच्या ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या फीडमध्ये बदल करून केलेला भावनांवरचा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला, तेव्हा वाद झाला तो नेमका इथेच. अटी मान्य केल्या म्हणजे प्रयोगाला संमती दिली, हे अनेकांना पटलं नाही. समाजमाध्यमांवरची सार्वजनिक पोस्ट उद्धृत करायची असेल तरी जशीच्या तशी देऊ नये. ते वाक्य सर्च केलं की माणूस सापडतो.

संमतीपत्रात सहभागीला माघार घेण्याची शेवटची तारीख हवीच. नावं काढून माहिती एकत्र केल्यानंतर कुणाचं बोलणं वेगळं काढता येत नाही, म्हणून 'मुलाखतीनंतर चार आठवड्यांपर्यंत' असं नेमकं लिहावं.

बजेटमध्ये सगळ्यात जास्त चुकतं ते ट्रान्सक्रिप्शन. २० मुलाखती, प्रत्येकी ४५ मिनिटं, म्हणजे १५ तासांचं ध्वनिमुद्रण. एक तास उतरवायला चार ते सहा तास लागतात. म्हणजे ६० ते ९० तासांचं काम, आणि भाषांतर त्यात धरलेलं नाही. ते टाळायला बरेच जण फुकटच्या ऑनलाइन सेवेवर आवाज चढवतात. संमतीपत्रात 'ध्वनिमुद्रण विद्यापीठाबाहेर जाणार नाही' लिहिलेलं असेल, तर खासगीपणावरच्या संशोधनातच वचनभंग होतो. स्वतःच्या संगणकावर ऑफलाइन चालणारं सॉफ्टवेअर वापरावं आणि तपासणीचे तास बजेटमध्ये धरावेत. लॅपटॉपची मागणी बहुधा कापली जाते, त्यावर भांडू नये. संशोधन सहायकाच्या तासांवर मात्र भांडावं.

कोडिंगला, म्हणजे मुलाखतीतल्या बोलण्याला विषयवार लेबलं लावायला, दोन जण हवेत. पहिल्या चार मुलाखती दोघांनी वेगवेगळ्या कोड कराव्यात, कोहेनचा कप्पा (दोघांचे कोड किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढावा, आणि तो ०.६ च्या खाली आला तर आधी कोडच्या व्याख्या दुरुस्त कराव्यात. आमच्याकडे 'कंटाळून दिलेली संमती' आणि 'सवयीने दिलेली संमती' यांत सारखा घोळ व्हायचा. दोन्हींत माणूस वाचत नाही, पण कंटाळलेल्याला आपण वाचलं नाही हे ठाऊक असतं. व्याख्येत हे एक वाक्य घातल्यावर घोळ बराच कमी झाला.

हिशेबाच्या वेळी एक गाठ हमखास बसते. सहभागींना मानधन दिलं की लेखा विभाग नाव आणि सहीची पावती मागतो. एथिक्स कमिटीचा आदेश असतो, नाव कुठेही दिसता कामा नये. यावर मार्ग असा की पावतीवर फक्त सहभागीचा क्रमांक आणि रक्कम ठेवावी. क्रमांक आणि नावं जोडणारी यादी मुख्य संशोधकाकडे कुलपात राहील, आणि लेखापरीक्षकाला ती जागेवर बघता येईल, प्रत मिळणार नाही. हे लेखा विभागाकडून पहिली मुलाखत घेण्याआधीच लेखी मान्य करून घ्यावं. पैसे वाटून झाल्यावर ते मान्य करत नाहीत.