उचललेली प्लेट आणि उरलेले वाटाणे

कामानिमित्त एका औपचारिक जेवणाला गेलो होतो. शेजारच्या बाईंनी काहीतरी विचारलं, म्हणून मी सुरी आणि काटा प्लेटमध्ये शेजारीशेजारी, अगदी नीटनेटके ठेवले आणि त्यांच्याकडे वळलो. बोलून परत बघतो तर समोर प्लेटच नाही! निम्म्याहून जास्त जेवण त्यात होतं. वेटरची काहीच चूक नव्हती. दोन्ही असे जोडून ठेवले की ‘माझं जेवण झालं’ असा अर्थ होतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! नुसतं थांबायचं असेल तर टोकं प्लेटच्या मध्याकडे आणि दांड्या दोन बाजूंना, असे तिरके ठेवायचे असतात.

त्या रात्री अर्धपोटी घरी आलो आणि दुसऱ्या दिवसापासून एकट्याने सराव सुरू केला.

सुरी उजव्या हातात, काटा डाव्या हातात, दाते खाली. एवढं कुणीही सांगतं. मी मात्र काटा खुरप्यासारखा मुठीत धरायचो. खरी मेख तर्जनीत आहे. दांडीचं टोक तळहातात लपवायचं आणि तर्जनी काट्याच्या पाठीवर सरळ ठेवायची, दात्यांच्या जरा अलीकडे. सगळा जोर त्या बोटातून येतो. सुरीवरही तसंच, फक्त बोट पात्यावर जाऊ द्यायचं नाही. आणि सुरी दाबायची नाही, मागेपुढे ओढायची. मी दाबली तेव्हा उकडलेला बटाटा थेट जमिनीवर गेला. माझी कोपरंही पंखासारखी पसरायची. ती अंगालगत आणायला आठवडा गेला. शिवाय सगळं आधीच कापून ठेवायचं नाही, एका वेळी एकच घास.

सुरीने घास टोचून तोंडात घालायची सवय मात्र लगेच सुटली, कारण या सुरीला टोकच नसतं. १६६९ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईने टोकदार सुऱ्यांवर बंदी घातली होती, असं वाचलं तेव्हा गंमत वाटली.

मांडणीची भीती उगाच होती. प्लेटच्या दोन्ही बाजूंना मांडलेल्यांपैकी सगळ्यात बाहेरचे आधी वापरायचे आणि आत येत जायचं, एवढंच. प्लेटच्या वर काटा-चमचा आडवे ठेवलेले असतात ते शेवटच्या गोडासाठी. पाव आपल्या डावीकडचा, पेला उजवीकडचा. (एकदा शेजाऱ्याचा पाव खाऊन झाल्यावर हे पक्कं लक्षात राहिलं.) सूपचा चमचा आपल्यापासून लांबच्या दिशेने भरायचा आणि वापरलेली सुरी परत टेबलक्लॉथवर टेकवायची नाही.

राहिले वाटाणे. दाते खाली ठेवून ते काट्याच्या पाठीवर सुरीने चेपून बसवायचे, असा नियम. अमेरिकन पद्धतीत सुरी खाली ठेवून काटा उजव्या हातात घेतात, दाते वर. ते सोपं जातं, पण दर घासाला ही हातबदली मला काही मानवेना.

पुढच्या जेवणाला बोलता बोलता सुरी-काटा तिरके ठेवले. वेटर आला, प्लेटकडे एक नजर टाकली आणि पुढे गेला. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! शेवटी सात-आठ वाटाणे उरले. थोडा वेळ त्यांच्यामागे काटा फिरवला, मग मुकाट्याने दोन्ही जोडून ठेवले.