परवाना नाही, तरी बोट आपल्या हातात: पाक्सोस ते अँटिपाक्सोस

ग्रीसमध्ये ३० अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाची छोटी मोटरबोट भाड्याने घ्यायला परवाना लागत नाही. वय १८ पूर्ण हवं आणि ओळखपत्र हवं. आम्ही जर्मनीत राहतो, तिथे इंजिन १५ अश्वशक्तीच्या वर गेलं की रीतसर परीक्षा द्यावी लागते. त्यामुळे ही मुभा ऐकल्यावर मला आधी काळजीच वाटली. पण तो दिवस आमच्या साऱ्या सुट्टीतला सगळ्यात सुंदर दिवस ठरला, आणि सुंदर ठरला तो थोडी माहिती करून घेतल्यामुळे. तुमच्यापैकी कोणी इकडे येणार असेल, तर ती माहिती हाताशी असावी म्हणून हे लिहितेय.

पाक्सोस हे आयोनियन समुद्रातलं चिमुकलं बेट, कॉर्फू बेटाच्या दक्षिणेला. लांबी जेमतेम १० किलोमीटर. विमानतळ नाही, कॉर्फूहून किंवा मुख्य भूमीवरच्या इगुमेनित्साहून बोटीनेच यायचं. त्याच्या खाली आणखी छोटं अँटिपाक्सोस. पाक्सोसचं मुख्य बंदर गायोस. समोरच दोन बेटं आडवी उभी आहेत, त्यामुळे बंदरातलं पाणी सहसा शांत असतं. भाड्याच्या बोटी इथूनच सुटतात.

आम्ही चौघं होतो: मी, नवरा, नणंद आणि तिचा दहा वर्षांचा मुलगा. बोट पाचेक मीटरची, वर कापडाचं छप्पर, मागे उतरायला शिडी. बोटवाल्याने सगळं समजावून सांगितलं. सुकाणू गाडीसारखंच, हातातला दांडा पुढे केला की पुढे, मागे ओढला की मागे, मध्ये ठेवला की इंजिन नुसतं चालू. तो सर्वात जास्त बोलला ते एका लाल दोरीबद्दल. स्प्रिंगसारखी वेटोळी दोरी असते, एक टोक इंजिनाच्या बटणात आणि दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. चालवणारा पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. ती नसेल तर माणूस पाण्यात आणि पंखा फिरतोय अशी अवस्था होते. बरेच जण ती बाजूला लटकवून ठेवतात. कृपा करून तसं करू नका. आणि लाइफ जॅकेट मुलाच्या अंगावर मापाचं आहे ना, हे धक्क्यावरच बघून घ्या.

त्यानंतर त्याने नकाशावर बोट ठेवून दिवस कसा काढायचा ते सांगितलं, आणि ते सगळं वाऱ्याभोवती फिरत होतं. उन्हाळ्यात इथे वायव्येकडून माइस्त्रो नावाचा वारा वाहतो. सकाळी समुद्र तुकतुकीत असतो, दुपारी वारा उठतो आणि बहुतेक संध्याकाळी पडतो. पाक्सोसचा पश्चिम किनारा म्हणजे चुनखडीचे उंच पांढरे कडे आणि त्यांत समुद्राने कोरलेल्या गुहा. बघण्यासारखा तोच आहे, पण वाऱ्याला उघडाही तोच. म्हणून तिकडे जायचं तर सकाळी, तेही पाणी सपाट असेल तरच. मग अँटिपाक्सोस, आणि दुपारचा वारा वाढायच्या आत दोन बेटांमधली खाडी ओलांडून पाक्सोसच्या पूर्वेच्या आडोशाला परत. आम्ही हा क्रम जसाच्या तसा पाळला. दुपारी त्याच खाडीत लाटांचे पांढरे तुरे दिसू लागले तेव्हा आम्ही गायोसच्या बाजूला निवांत पोहत होतो.

(वाऱ्याचा अंदाज बोफर्टच्या आकड्यांत देतात. ३ पर्यंत मजेत जावं. ४ म्हणजे ताशी २० ते २८ किलोमीटर वारा, एवढ्याशा बोटीत कंबर मोडते. ५ असेल तर कोणीही कितीही आग्रह केला तरी बोट घेऊ नये. चांगला बोटवाला अशा दिवशी स्वतःच नाही म्हणतो.)

पाक्सोसच्या दक्षिण टोकाच्या मोगोनिसी बेटाला वळसा घालून नैर्ऋत्येच्या बाजूला गेलो की ट्रिपितोसची कमान दिसते, कड्यातून पाण्यात उतरलेली दगडाची कमान. तिथे इंजिन अगदी मंद करून थोडा वेळ नुसतं बघत राहिलो. तिथून पुढे अँटिपाक्सोस दूर नाही. व्रिका वाळूचा किनारा, वुतुमी पांढऱ्या गोट्यांचा. पाण्याचा रंग फोटोत दिसतो त्याहून जास्त निळा आहे, यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला.

आता मूळ मुद्दा. बोट चालवणं अर्ध्या तासात जमतं, ती थांबवणं हे खरं कसब. पाण्यावर ब्रेक नाही. इंजिन बंद केलं तरी वारा आणि प्रवाह तिला नेतच असतात. म्हणून पोहायला उतरायचं असेल तर नांगर नीट लागला पाहिजे, नाहीतर तुम्ही पाण्यात आणि बोट निघाली खडकाकडे.

नांगर कुठे टाकायचा हे आधी. अँटिपाक्सोसच्या पाण्यात फिकट निळे आणि काळपट असे पट्टे दिसतात. फिकट म्हणजे वाळू. काळपट म्हणजे खडक, किंवा पोसिडोनियाचं कुरण. पोसिडोनिया हे शेवाळ नव्हे. मुळं, पानं, फुलं असलेली वनस्पती आहे आणि तिची इथली जात फक्त भूमध्य समुद्रात होते. मासे तिच्यात वाढतात, तिची मुळं तळाची वाळू धरून ठेवतात, पाणी इतकं स्वच्छ दिसतं त्यातही तिचा वाटा आहे. ती वर्षाला अवघी काही सेंटिमीटर पसरते. आपण एकदा नांगर ओढून जे उपटतो ते भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. त्यामुळे वाळूचं ठिगळ शोधून तिथेच नांगर टाकायचा. शिवाय गवतात तो धरतही नाही नीट, सरकतो.

भाच्याला आम्ही पुढच्या टोकाशी बसवलं आणि पाणी बघायचं काम दिलं. तो पोटावर पालथा पडून डोळे पाण्याला लावून होता. "मामी, काळं! काळं आलं! अजून काळं... थांब, आता पांढरं!" नवऱ्याने दांडा मध्ये आणला, बोटीचं तोंड वाऱ्याकडे होतंच. बोट जागेवर थबकली तशी मी पुढून नांगर हाताने हळूहळू खाली सोडला. फेकायचा नाही, नाहीतर साखळी त्याच्यावरच गुंडाळते. आणि नेहमी पुढूनच. मागची बाजू बुटकी असते, तिथे नांगर बांधला तर लाट सरळ आत येते. पाणी चार मीटर खोल होतं, आम्ही वीस मीटर दोर दिला. खोलीच्या पाचपट. लोक नेमकी इथे कंजुषी करतात. दोर आखूड असेल तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर उचकटतो. लांब असेल तर ओढ आडवी बसते आणि तो वाळूत आणखी रुततो. मग मंद मागे जात दोर ताणून बघितला. किनाऱ्यावरचं एक झाड आणि त्याच्या मागचा कडा एका रेषेत धरून थोडा वेळ थांबलो. रेष हलली नाही. तरीही नवरा चष्मा लावून खाली बुडी मारून आला. "अर्धा वाळूत गेलाय," तो वर येऊन म्हणाला, आणि मगच नणंदेने भाच्याला पाण्यात सोडलं.

इंजिन अर्थातच बंद, किल्लीही काढलेली. कोणीही शिडीजवळ असताना इंजिन सुरू करायचं नाही, यात सवलत नाही.

बाकीचे नियम पटकन सांगते. किनाऱ्याजवळ बोयांची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांची, रांग दिसली तर तिच्या आत पोहणाऱ्यांचं राज्य, तिथे मोटर नेऊ नये. समोरासमोर आलात तर दोघांनी उजवीकडे वळायचं. दुसरी मोटरबोट उजवीकडून आडवी येत असेल तर तिला वाट द्यायची. शिडाच्या बोटीला वाट द्यायची. फेरीबोटीच्या तर वाटेलाच जाऊ नका. तिच्या मागून येणारी लाट मोठी असते, वेग कमी करून ती तिरकी घ्यायची, बाजूवर घ्यायची नाही. संकटात किनारारक्षक दलाचा क्रमांक १०८. पेट्रोलचा हिशेब तीन वाट्यांचा: एक जायला, एक यायला, एक राखून ठेवायला. पेट्रोलचे पैसे सहसा भाड्यात नसतात, वापरलं तेवढं परत आल्यावर द्यायचं असतं, तेव्हा निघताना काट्याचा फोटो काढून ठेवा. तळाला, पंख्याला आधीचे ओरखडे असतील तर त्यांचाही.

वुतुमीला अकराच्या सुमारास मोठ्या प्रवासी बोटी येऊ लागतात आणि जागा भरते. त्याआधीचा तासभर जवळजवळ आपलाच असतो, आणि स्वतःची बोट घेण्याचं खरं कारण माझ्या लेखी तेच. सहलीच्या बोटीत तुम्ही तिच्या वेळेला येता, तिच्या भोंग्याला परत फिरता. इथे भाचा पाण्यातून निघायला तयार नव्हता, आणि आम्हालाही त्याला बाहेर बोलवायची घाई नव्हती.

येणार असाल तर जून किंवा सप्टेंबर बघा. जुलै-ऑगस्टमध्ये बोटी आधीच भरलेल्या असतात आणि वुतुमीला नांगर टाकायला वाळू उरत नाही. बोट ठरवताना एकच दिवस ठरवून येऊ नका, हाताशी दोन-तीन दिवस ठेवा आणि वारा बघून त्यातला एक निवडा. घरातल्या एकाला तरी उत्तम पोहता यायला हवं. टोपी, भरपूर पाणी आणि पाण्याखाली बघायचा चष्मा न्या; नांगर तपासायला तो लागतोच, आणि तळाशी जे दिसतं त्यासाठी तर लागतोच लागतो.