पुसट कडा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे, असा निरोप आला. लिहायला बसले तर सहली, स्नेहसंमेलनं यांच्या आधी आठवला तो भिंतीवरचा एक पांढरा गोल.

आम्ही आठवीत होतो. विज्ञानाच्या सरांनी एका दुपारी सभागृहात अंधार करायला लावला. बाहेर उन्हात एक आरसा ठेवला. त्यावर काळा कागद चिकटवलेला, आणि कागदाला मधोमध जेमतेम पाच मिलिमीटरचं चौकोनी भोक. आरशाचा कवडसा दाराच्या फटीतून आत आला आणि नऊ मीटरवरच्या भिंतीवर पडला.

"हा सूर्य," सर म्हणाले. आम्ही माना डोलावल्या.

"कशावरून?"

कुणालाच सांगता येईना. सर बाहेर गेले, कागद बदलला. या वेळी भोक त्रिकोणी. भिंतीवरचा गोल मात्र गोलच राहिला. म्हणजे तो आकार भोकाचा नव्हता, खुद्द सूर्याचा होता! माझ्या अंगावर काटा आला. मोजमाप आणि शंकाकुशंका यांनी नवलाईची मजा जाते, असं म्हणणारी माणसं पुढे खूप भेटली. मला ते कधीच पटलं नाही, कारण तो काटा "हा सूर्य" ऐकून आला नव्हता. त्रिकोण बघून आला होता.

मग गटागटानं फूटपट्टी घेऊन गोल मोजायचा होता. कडा पुसट, त्यामुळे कुणाचं माप आठ सेंटीमीटर, कुणाचं साडेआठ, कुणाचं नऊ. मी वहीत ८.४ लिहिलं. खरं म्हणजे मी मोजलंच नव्हतं. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आणि अंतर १५ कोटी, हे पुस्तकात होतं. भागाकार केला, नऊ मीटरला किती येतं ते काढलं आणि मांडून मोकळी झाले.

सरांनी वही बघितली. "कडा एवढी पुसट असताना तुला मिलिमीटर दिसला कसा?" मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. फळ्यावर सगळ्यांची मापं लिहिली, नऊसुद्धा. माझं तेवढं लिहिलं नाही. "उत्तर बरोबर आहे तुझं. पण ते तू मोजलेलं नाहीस." ते शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात.

पुढचा तास त्याहून मोलाचा. आमच्या मापांवरून एवढंच कळत होतं, की सूर्य त्याच्या व्यासाच्या शंभरेक पट लांब आहे. जवळचा लहान गोळा की लांबचा अजस्र, हे भिंत सांगत नव्हती. मग पुस्तकातले १५ कोटी कशावरून? त्या दिवशी एडमंड हॅले या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाचं नाव मी प्रथम ऐकलं. शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना पृथ्वीवरच्या दूरदूरच्या ठिकाणांहून वेळा नोंदवल्या, तर त्यांतल्या फरकावरून सूर्याचं अंतर काढता येईल, हे त्यानं १७१६ मध्ये सविस्तर मांडलं. शुक्राच्या अशा सरकण्याला अधिक्रमण म्हणतात; पुढचं अधिक्रमण होतं १७६१ मध्ये. आपण तेव्हा नसणार हे त्याला ठाऊक होतं. १७४२ मध्ये तो गेला. १७६१ आणि १७६९ मध्ये माणसं खरोखरच जगभर पांगली. आणि झालं काय, तर शुक्र सूर्याच्या कडेला टेकताना एक काळा थेंब लोंबल्यासारखा दिसला. शेजारीशेजारी उभ्या निरीक्षकांच्या वेळा काही सेकंदांनी जुळेनात. तिथंही कडा पुसटच! पण त्यांनी आपापल्या वेळा जशाच्या तशा नोंदवल्या, आणि त्या न जुळणाऱ्या आकड्यांतूनच अंतर १५ कोटींच्या आसपास निघालं. ते ऐकताना माझ्या ८.४ ची मला फार लाज वाटली.

८ जून २००४ ला शुक्राचं अधिक्रमण झालं. छोट्या दुर्बिणीतून मी सूर्य पांढऱ्या कागदावर घेतला, बरोबर दहा सेंटीमीटरचा. त्यावर शुक्र: तीन मिलिमीटरचा काळाकुट्ट ठिपका. शुक्र जवळजवळ पृथ्वीएवढाच, पण त्या दिवशी सूर्यापेक्षा आपल्या कितीतरी जवळ. पृथ्वी सूर्याशेजारी नेऊन ठेवली असती, तर कागदावर एक मिलिमीटरही भरली नसती. सगळे समुद्र, सगळी शहरं, हॅले, आमचं सभागृह, सगळं त्या मिलिमीटरच्या आत.

माझी भाची शेजारी उभी होती, नऊ वर्षांची. बराच वेळ बघून म्हणाली, "मावशी, हा शुक्रच आहे कशावरून? भिंगावरची धूळ असेल तर?"

मी नेत्रिका, म्हणजे दुर्बिणीचं डोळ्याकडचं भिंग, हळूहळू फिरवली. एक बारीकसा डाग तिच्याबरोबर फिरला. ती धूळ होती. काळा ठिपका होता तिथेच राहिला. मग भाचीनं पेन्सिल घेतली आणि ठिपक्याभोवती कागदावर खूण केली. अर्ध्या तासानं बिंब पुन्हा त्याच वर्तुळात आणून बघितलं, तर ठिपका खुणेतून बाहेर पडला होता.