रश्शाविना रामेन: नागोयातला माझेसोबा

नागोयाच्या लोकांना आपल्या खाण्याचा केवढा अभिमान आहे, ते स्टेशनाबाहेर पडायच्या आधीच कळतं. लाल मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणात माखलेलं डुकराच्या मांसाचं कटलेट, भातावर चिरून घातलेली भाजलेली ईल मासळी, मिरपूड लावून तळलेले कोंबडीचे पंख, चपट्या किशिमेन नूडल्स. जिकडे बघावं तिकडे यांचीच चित्रं. या सगळ्यांना मिळून तिथे 'नागोया-मेशी' म्हणतात. माझा मावसभाऊ नोकरीनिमित्त या शहरात राहतो. त्याने त्यातला एक तरुण पदार्थ पहिल्या रात्रीसाठी राखून ठेवला होता: ताइवान माझेसोबा, म्हणजे कालवून खायच्या नूडल्स.

"ताई, यात सूप नसतं बरं का," तो वाटेतच म्हणाला.

रामेन, म्हणजे सूपमधल्या नूडल्स, मी टोकियोत आवडीने खाल्लं होतं. तिथे दुकानाची सगळी प्रतिष्ठा सूपवर तोललेली असते. हाडं तासन्‌तास उकळतात आणि लोक पहिला घोट घेऊनच मत ठरवतात. ते सूपच काढून घेतलं तर वाडग्यात उरतं काय, याची मला फार उत्सुकता होती.

या पदार्थाची गोष्ट दोन टप्प्यांची आहे. 1970च्या दशकात नागोयाच्या 'मिसेन' या हॉटेलात, ताइवानहून आलेल्या मालकाने मिरची-लसणात परतलेला डुकराचा खिमा घातलेलं झणझणीत रामेन सुरू केलं. त्याचं नाव पडलं ताइवान रामेन, पण ते जन्मलं आणि वाढलं नागोयातच. पुढे 2008मध्ये, ताकाबाता भागातल्या 'मेन्या हानाबी' या दुकानाचा मालक आपलं ताइवान रामेन बसवत होता. खिमा जमला, पण त्याच्या सूपशी काही केल्या जुळेना. तो खिमा टाकून द्यायला निघाला, तेव्हा दुकानातल्या एका अर्धवेळ कामगाराने सुचवलं की नुसत्या उकडून निथळलेल्या नूडल्सवर घालून बघा. अशी हकिकत सांगतात. आता हा पदार्थ शहरभर मिळतो आणि नागोयाबाहेरही पोहोचला आहे.

आम्ही गेलो ते मात्र भावाच्या घरामागच्या गल्लीतलं, नेहमीच्या गिऱ्हाइकांचं छोटं हॉटेल. दाराशी तिकिटाचं यंत्र. पैसे टाकायचे, बटण दाबायचं, चिठ्ठी काउंटरवर ठेवायची. एका माणसाचं जेवण हजार येनच्या आसपास. काउंटरपलीकडे एकच माणूस राबत होता आणि मी त्याचे हात बघत बसले. जाड नूडल्स उकडून, पाणी खडखडीत निथळून त्याने त्या भांड्यात टाकल्या आणि लाकडी दांड्याने चांगल्या घुसळल्या. त्यामुळे नूडल्सचा पृष्ठभाग खरवडला जातो, आतला पिठूळ चिकटपणा बाहेर येतो आणि मसाला त्याला धरून राहतो. सूप असतं तर हा खटाटोप लागला नसता.

नूडल्स गव्हाच्याच. सोबा म्हणजे एरवी कुट्टूच्या (बकव्हीटच्या) नूडल्स, पण नावात सोबा असलं तरी इथे कुट्टूचा संबंध नाही. पिठात 'कान्सुइ' नावाचा क्षार घालतात, आपण पापडात खार घालतो तसा. त्यानेच त्यांना तो पिवळसर रंग आणि दाताला जाणवणारा ताण येतो.

वाडगा समोर आला आणि मी क्षणभर नुसती बघत राहिले. मधोमध तिखट खिमा, त्यावर कच्च्या अंड्याचा गडद केशरी बलक. भोवती बारीक चिरलेली निरा, म्हणजे लसणाच्या वासाची चपटी पात, मग कांद्याची पात, नोरीचे, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाचे तुकडे, किसलेला लसूण आणि सुक्या मासळीची पूड. सोया सॉसचा मसाला आणि तेल तळाशी, वरून दिसतच नाही.

"फोटो नंतर काढ, ताई. गरम आहे तोवर तळापासून कालव."

घाई का, ते कालवताना समजलं. नूडल्स गरम असेपर्यंतच बलक त्यांच्यावर मऊ चढतो आणि मासळीची पूड तेलात फुलते. गार झाल्या की त्यांचा गोळा होतो. तळातून वर, वरून खाली, असं करता करता सगळ्याला एकच तपकिरी चकाकी आली आणि सुक्या मासळीचा असा खमंग वास सुटला की भूक दुप्पट झाली.

पहिल्या घासाला जाणवलं ते नूडल्सचं वजन. सूपमध्ये त्या सुळ्ळकन आत जातात. इथे चावाव्या लागतात आणि चावताना गव्हाची चव लागते. मग खिम्याचा तिखटपणा, तो टोचायला लागतो न लागतो तोच बलकाचा स्निग्धपणा, मध्येच कच्च्या निरेचा झणका. घासागणिक प्रमाण बदलतं, म्हणून कंटाळा येत नाही. सूप आचाऱ्याच्या हातूनच पुरं तयार होऊन येतं. हा पदार्थ खाणाऱ्याच्या हाताने पुरा होतो, आणि मला तेच सर्वात आवडलं. अर्धा वाडगा संपल्यावर भावाने काउंटरवरचं व्हिनेगर पुढे केलं. थोडंसं ओतलं आणि जड झालेली जीभ पुन्हा ताजी झाली.

नूडल्स संपल्या, पण तळाशी खिमा आणि मसाला उरला होता. भावाने हाक दिली, "ओइमेशी कुदासाइ!" म्हणजे वरचा भात द्या. मालकाने दोघांच्या वाडग्यांत गरम भाताची एकेक मूद टाकली. वेगळे पैसे नाहीत. तो भात पुसून पुसून कालवायचा आणि चमच्याने खायचा. चिकट जपानी तांदूळ तो मसाला असा काही शोषून घेतो की मला नूडल्सपेक्षाही हे शेवटचे घास जास्त आवडले. नागोयात जाल तर या भातासाठी पोटात जागा ठेवाच.

शाकाहारी माणसाला मात्र यात वाव नाही. खिमा वगळला तरी मासळीची पूड राहते, आणि तेलही बहुधा प्राणिजन्य असतं.

बाहेर पडल्यावर चालत चालत भाऊ या पदार्थाच्या बाकीच्या भावंडांविषयी सांगत होता. टोकियोच्या पश्चिमेला, मुसाशीनो आणि कुनिताची भागात 1950च्या दशकापासून 'आबुरा सोबा' खातात. त्यात मसाला आणि तेल एवढंच, वरून व्हिनेगर आणि मिरचीचं तेल आपल्या हाताने. आसपासच्या कॉलेजांतल्या मुलांनी ते डोक्यावर घेतलं. हिरोशिमात सूप नसलेलं तानतानमेन नावाचं नूडल्सचं जेवण मिळतं, जिभेला झिणझिण्या आणणाऱ्या चिनी मिरीचं; तिथली काही दुकानं तीस वेळा कालवायला सांगतात. आमची पुढची शिनकान्सेन (बुलेट ट्रेन) हिरोशिमाचीच होती, आणि भावाने तिथलं दुकान आधीच हेरून ठेवलं होतं.