माझ्या ओएलटीत कुणाची चिप आहे?

परवान्यावर 'इंटरनेट सेवा, सी वर्ग' असं लिहिलंय, पण गावात मी अजून केबलवालाच. शिराळ्याच्या पट्ट्यात साडेसहाशे जोडण्या, लाइनवर तीन पोरं, हिशोबाला बायको. एवढा कारभार.

2023 ची गोष्ट. पलीकडच्या चार गावांत फायबर टाकून झालं होतं. एक मोठा राउटर आणि दोन ओएलटी आणल्या की काम संपलं. (ओएलटी म्हणजे आमच्या खोलीतली पेटी, तिच्यातून निघालेलं फायबर तुमच्या घरातल्या डबीपर्यंत जातं.) नागपंचमीला गावोगावचे पाहुणे येतात, त्याआधी चालू करायचा शब्द मी देऊन बसलो होतो. त्या वर्षी अधिक श्रावण आला आणि नागपंचमी महिनाभर लांबली, हे माझं नशीब.

पुण्याच्या पुरवठादाराशी भाव ठरला. आगाऊ रक्कम पाठवणार, तेवढ्यात परवान्याची कागदपत्रं बघणारे आमचे साहेब म्हणाले, "पोर्टलवर टाकलंय का?"

मला वाटायचं, हे मोठ्या कंपन्यांचं लचांड. डिसेंबर 2020 मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीनं दूरसंचार क्षेत्रासाठी निर्देश मंजूर केला, तेव्हा मी टीव्हीवर फक्त 'चीन' एवढाच शब्द ऐकला होता. पण मागाहून परवान्याच्या अटीच बदलल्या. 15 जून 2021 पासून जाळ्यात जोडायचं नवं यंत्र 'विश्वासू स्रोता'कडूनच, म्हणजे सरकारनं तपासून मंजूर केलेल्याकडूनच आलेलं पाहिजे. ही अट परवानाधारकाला. म्हणजे कोटभर ग्राहकवाल्याला आणि मलाही.

त्यासाठी सरकारचं पोर्टल आहे. तिथं आपलं खातं उघडायचं, जबाबदार माणसाचं नाव द्यायचं (आमच्याकडे सगळीकडे मीच), कुणाकडून कोणतं मॉडेल घेणार ते भरायचं. इथवर अर्ध्या दिवसाचं काम. पुढचं उत्पादकानं भरायचं: कंपनीची मालकी कुणाची, यंत्रातले महत्त्वाचे भाग कोणते, ते कुणी आणि कुठल्या देशात बनवले. आमचं घोडं अडलं ते इथं.

पेटीवर स्टिकर देशी नावाचं. मी पुरवठादाराला विचारलं, आतली मुख्य चिप कुणाची? तो म्हणाला, कंपनीला विचारतो. कंपनीनं माहितीपत्रक पाठवलं, त्यात पोर्ट किती आणि वजन किती. पुन्हा विचारलं तर म्हणे बोर्ड बाहेरून येतो, आम्ही जुळणी करतो. बोर्ड कुणाचा? त्यावर आठवडाभर फोनच लागेना. शेवटी पुरवठादार वैतागून म्हणाला, "अहो, बाकीचे लावतात की! तुम्हालाच काय एवढं पडलंय?"

त्याच मॉडेलची एक ओएलटी आमच्या खोलीत आधीपासून चालू होती. एका रात्री लाइन बंद ठेवून ती उघडली. वरची जाळी काढली, पंखा काढला, खालच्या चिपवरचे आकडे कुणीतरी घासून टाकलेले! लाइनवरचा पोरगा टॉर्च धरून उभा होता. म्हणाला, "दादा, हिचा जन्मदाखलाच नाही."

मग तो नाद सोडला. दुसरा उत्पादक धरला, ज्याच्या माणसाला हे रकाने पाठ होते. किंमत जवळजवळ दीडपट. त्यानं आपली माहिती भरली आणि आम्ही वाट बघत बसलो. नागपंचमी गेली, गणपतीही गेले. चार गावांतल्या लोकांनी मला काय काय ऐकवलं ते लिहीत नाही.

वाट बघताना हात रिकामे होते, म्हणून आपलंच जाळं तपासायला घेतलं. पहिल्यांदा जुन्या राउटरचं घड्याळ बघितलं. वीज गेली की ते 1970 सालात जाऊन बसायचं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या एप्रिल 2022 च्या आदेशाप्रमाणे यंत्रांच्या नोंदी (लॉग) 180 दिवस ठेवायच्या आणि वेळ एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या घड्याळाशी जुळवायची. नोंदी होत्या, पण कुठल्या सालातल्या ते देवालाच ठाऊक.

त्याहून वाईट निघाल्या घराघरांतल्या डब्या. निम्म्याहून जास्त ठिकाणी नाव अॅडमिन, पासवर्डही अॅडमिन, आणि लांबून दुरुस्तीसाठी ठेवलेला 7547 क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून डबीत शिरायचं दार, बाहेरच्या जगाला सताड उघडा. नोव्हेंबर 2016 मध्ये जर्मनीतल्या सुमारे नऊ लाख राउटरांची सेवा कोलमडली, ती याच पोर्टवरून झालेल्या हल्ल्यात. तिथं चिपचा देश कुणी विचारला असता तरी काही फरक पडला नसता. डबी आली कुठून, हा एक प्रश्न. ती वागते कशी, हा वेगळा. दुसऱ्यासाठी बंगळुरूच्या एनसीसीएस या दूरसंचार सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे निकष आहेत, त्यांत पासवर्डपासून सगळं येतं. पण ते निकष डबी बनवणाऱ्यासाठी. अॅडमिन-अॅडमिन ठेवून घरात डबी बसवणारी पोरं आमचीच होती.

पोर्ट एका रात्रीत बंद केला. पासवर्डांना सव्वा महिना लागला. बऱ्याच डब्यांत लांबून शिरताच येईना, दारोदार जावं लागलं. एका काकूंनी पोराला चहा पाजला आणि नवा पासवर्ड देव्हाऱ्याच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला. त्यांना काय बोलणार?

मंजुरी पोर्टलवर दिसली ती दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात. यंत्रं आली, पूजा झाली, चारही गावं दोन दिवसांत चालू.

घासलेल्या चिपची जुनी ओएलटी मात्र आहे तिथंच आहे. आधीपासून जोडलेली यंत्रं काढून टाका, असं निर्देश म्हणत नाही. नवी म्हणून जी मला लावता आली नसती, ती जुनी म्हणून कायदेशीर चालू आहे. अजून तीनशे घरं तिच्यावरच आहेत.