अनाथ पिल्लू थेट कळपात का सोडत नाहीत? तुम्ही विचारलंत म्हणून

हत्तीचं एकटं पिल्लू सापडल्याची बातमी आली की हा प्रश्न ठरलेला: जंगलात एवढे कळप आहेत, मग एखाद्या कळपाजवळ नेऊन सोडत का नाहीत? बाटलीने दूध पाजत माणसांनी वर्षानुवर्षं का सांभाळायचं?

आई जिवंत असण्याची शक्यता असेल तर आधी तेच करतात. विहिरीत किंवा चरात पडलेल्या पिल्लाला कळप टाकून गेला, असं लोक सहज म्हणतात. बरेचदा कळप माणसांच्या गलक्यामुळेच लांब सरकलेला असतो. अशा वेळी गर्दी पांगवायची, पिल्लाला गरजेपुरताच हात लावायचा, माणसाचा वास दबावा म्हणून अंगाला हत्तींचीच लीद आणि चिखल फासायचा, कळपाच्या वाटेवर नेऊन ठेवायचं आणि लांबून नजर ठेवायची. अंधार पडला की आई परत यायची शक्यता वाढते. सेल्फी काढायला थांबलेली माणसं इथे सगळ्यात जास्त नुकसान करतात.

आई मेली असेल तर अडतं ते दुधाशी. साधारण दोन वर्षांच्या आतलं पिल्लू दुधाशिवाय तगत नाही. परक्या कळपातली दुभती हत्तीण स्वतःच्या पिल्लाला पाजत असते, आणि दोघांना पुरेल एवढं दूध तिला क्वचितच असतं. तरुण माद्या परक्या पिल्लाला हौसेने जवळ घेतात, चोखूही देतात, पण त्यांना दूधच नसतं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, चला, स्वीकारलं! पिल्लू मात्र सगळ्यांच्या मायेत उपाशी राहतं आणि काही दिवसांत कोसळतं.

मग बाटली. नवजात पिल्लू साधारण १०० किलोचं असतं आणि दिवसाला दहा लिटरच्या आसपास दूध पितं. गाईचं दूध चालत नाही. हत्तिणीच्या दुधातल्या स्निग्धांशात कॅप्रिक आणि लॉरिक आम्लं भरपूर असतात. गाईच्या दुधातली चरबी वेगळी, ती पिल्लाला पचत नाही आणि जुलाब सुरू होतात. जुलाब म्हणजे अंगातलं पाणी जाणं, आणि एवढ्या लहान जिवाला तेवढं पुरतं. केनियात अनाथ हत्ती वाढवणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांनी कित्येक वर्षं चुकत-माकत यावर तोड काढली: तान्ह्या बाळांच्या दुधाची पावडर आणि खोबरेल तेल. खोबरेलात लॉरिक आम्ल असतं म्हणून. त्यांच्या नैरोबीच्या संगोपन केंद्रात दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, बाटली द्यावी लागते. पावडर बदलायची तर हळूहळू. एका दिवसात बदललेलं दूध पोट बिघडवतंच.

पाजण्याचीही रीत आहे. हत्तिणीचे स्तन पुढच्या दोन पायांमध्ये असतात. पिल्लू मान वर करून, सोंड आईच्या अंगावर टेकवून, तोंडाने पितं. नुसती बाटली पुढे धरली तर सोंडेचं काय करावं हे त्याला कळत नाही आणि ते प्यायचं सोडून देतं. म्हणून एक ब्लँकेट टांगतात आणि त्याच्या आडून बाटली पुढे करतात. सोंड त्या खरबरीत कापडावर टेकली की पिल्लू गटागटा पिऊ लागतं. घाई करून दूध तोंडात ओतलं तर ते फुप्फुसात जातं, आणि मग न्यूमोनिया. थंडीचा न्यूमोनिया वेगळाच. त्यासाठी रात्री अंगावर पांघरूण बांधतात.

आतड्यातले जंतू हा सहसा कुणाच्या लक्षात न येणारा भाग. पाला पचवणारे जंतू पिल्लू मोठ्या हत्तींची लीद खाऊन मिळवतं. बघणाऱ्याला किळस येते, पण तिथून हाकलायचं नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र दुधातली नसते. १९७४ साली आयेशा नावाच्या पिल्लाला डॅफ्नी यांचा एकटीचाच लळा लागला होता. लेकीच्या लग्नासाठी त्या थोडे दिवस दूर गेल्या, पिल्लाने दूध सोडलं आणि ते मेलं. तेव्हापासून तिथे रात्री पिल्लाजवळ झोपणारा माणूस बदलता ठेवतात. पिल्लाला एक आई नको, घर हवं.

श्रीलंकेत उडवलवे इथल्या अनाथ पिल्लांच्या केंद्रात १९९५ पासून उलट पद्धत आहे. तिथे नरसाळ्याला जोडलेल्या नळीतून दूध देतात, माणसाचा सहवास कमीत कमी, बाकी वेळ पिल्लं आपापसातच. पाचेक वर्षांची झाली की गटाने जंगलात सोडतात आणि काहींच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधतात. दोन्हींत बरी कुठली? अगदी तान्ह्याला माणसाची ऊब लागतेच, असं आमचं मत. वर्ष उलटल्यावर मात्र जेवढं अंतर राखाल तेवढं बरं, कारण माणसाला न घाबरणारा तीन टनांचा हत्ती शेताच्या बांधावर उभा राहिला की त्याचा लाड कुणी करत नाही.

कळपात जायची वेळ त्यानंतर येते. केनियातली पिल्लं दोन-तीन वर्षांची झाली की त्यांना त्सावो राष्ट्रीय उद्यानाच्या भागात वोई किंवा इथुम्बा इथल्या केंद्रात हलवतात, तीही एकेकटी नाही, ओळखीच्या सोबत्यांबरोबर. त्याआधी बरेच दिवस दूध ट्रकमध्येच देतात, म्हणजे प्रवासाच्या दिवशी पिल्लं आपण होऊन चढतात. तिथे दिवसभर रानात चरणं, दुपारी चिखलात लोळणं, रात्री कुंपणाच्या आत. पाणवठ्यावर रानटी हत्ती येतात, पूर्वी इथेच वाढलेले हत्तीही येतात. पिल्लू एखादी रात्र बाहेर काढतं, सकाळी दुधाला हजर. मग दोन रात्री. कधी सिंहाला बिचकून महिनाभर पुन्हा आतच. यात माणसाने पुढाकार घ्यायचा नसतो; फाटक उघडं ठेवायचं आणि कोण आलं, कोण नाही, याची नोंद करायची. काही वर्षं हे चालतं.

माद्यांना कळपात जागा मिळते ती बरेचदा पोरं सांभाळण्याच्या हौसेतून. लहानग्यांमागे धावणारी मादी कुठल्याही कळपाला चालते. नरांचं निराळं. वयात आलेला नर एरवीही कळप सोडतो. त्यामुळे बारा-तेरा वर्षांचा नर एकटा फिरताना दिसला तर सांगायचं एवढंच, की तो परत अनाथ झालेला नाही.